तुळशीच्या पेटीला चार भोकं

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात सांगण्यासारखं काही केलं नाही, असं आमचे हे म्हणायचे. म्हणू द्या. लेकाला बाप कधी धड कळलाय का? मला विचारा. त्या माणसाच्या घरात मी सून म्हणून एकतीस वर्षं काढली. त्यातली पहिली दोन वर्षं तर त्यांच्याशी एक शब्दसुद्धा न बोलता काढली, आणि तरी सांगते, त्यांना ओळखलं ते मीच.

नाव शेषेराव. मी त्यांना मामा म्हणायची, आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. लेकाचं नाव भुजंगराव. बाप शेष, लेक भुजंग! माझं लग्न ठरलं तेव्हा देगलूरच्या माझ्या मैत्रिणींनी मला सोडलं नाही. "सिंधे, वारुळात चाललीस बाई, दुधाची वाटी संगं ने," म्हणायच्या. आणि आल्यावर बघते तर काय, दोघंही गरीब. भुजंगराव भोकरच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मास्तर, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणार, आले की आईपुढं मान खाली. आणि मामा तर काय, विचारूच नका.

मामा अहमदपूरजवळच्या एका खेड्यातले. चार भाऊ शेतात, हे एकटे उर्दू शिकले. नांदेडच्या तहसील कचेरीत अहलकार झाले, म्हणजे कारकून. सकाळी शेरवानी घालायची, डोक्यावर रुमी टोपी ठेवायची आणि खाली मान घालून कचेरीत जायचं. अक्षर असं, की साहेब दुसऱ्यांना दाखवायचा. पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. कचेरीत साहेब बोलायचा आणि मामा लिहायचे. घरी आत्याबाई बोलायच्या आणि मामा ऐकायचे. आत्याबाई म्हणजे माझी सासू, कस्तुराबाई. बाजारात पेरूवालीनं किडके पेरू घातले तरी मामा घेऊन यायचे, आणि आत्याबाई बडबड करत असताना एका कोपऱ्यात बसून चाकूनं कीड काढून ते खायचे. "गोड हाय की," म्हणायचे. मला लई राग यायचा. एवढं भिऊन राहायचं तरी कशाला माणसानं, असं वाटायचं.

आता मी सांगते ते निजामाच्या राज्याच्या शेवटच्या चार-पाच वर्षांतलं. कचेरीच्या कागदावर फसली तेराशे त्रेपन्न, म्हणजे इंग्रजी त्रेचाळीस साल होतं, मामांच्या तोंडून ऐकून ऐकून माझ्या डोक्यात बसलंय. मी अठरा वर्षांची. त्या वेळी सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसे. समोर जायचं ते डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. काही सांगायचं झालं तर मधे कुणीतरी लागायचं. मधे कुणी नसलं तर भिंतीला सांगायचं. "जेवण वाढलंय," असं मी चुलीला सांगायची आणि मामा हात धुवायला उठायचे. हसू नका. असंच होतं, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आम्ही होळी भागात चन्नबसप्पा नावाच्या लिंगायत व्यापाऱ्याच्या माडीवर भाड्यानं राहायचो. खाली त्यांचं बिऱ्हाड आणि धान्याची पोती, वर दोन खोल्या आणि पुढं मातीच्या धाब्याची मोकळी गच्ची. गच्चीवर आत्याबाईंची तुळस.

ही तुळस कशात होती ते नीट ऐका, कारण सगळं रामायण त्याच्यापायी झालं. गावाकडं आत्याबाईंचं तुळशीवृंदावन अंगणात होतं. घातलेलं पाणी खाली जमिनीत मुरायचं, कुणाला कधी विचार करायची वेळच आली नाही. नांदेडला माडीवर आल्यावर त्यांनी इस्लापूरच्या जंगलातलं सागवान मागवून सुताराकडून दोन हात लांब पेटी करून घेतली. आणि सुताराच्या उरावर बसून सांगितलं, की थेंब गळता कामा नये. का? तर तुळशीला घातलेलं पाणी म्हणजे तीर्थ. ते गच्चीवर सांडलं की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली येणार. धाब्यातून झिरपून खाली गेलं तर चन्नबसप्पाच्या घरात कुठं पडेल, कुणाच्या चपलेवर पडेल, काय सांगावं! म्हणून आतून पत्रा ठोकला, सांध्यांना डांबर भरलं. पाहुणे आले की आत्याबाई पेटीवर हात ठेवून म्हणायच्या, "बघा, दोन वर्सं झाली, खालची माती कोरडी ठण्ण हाय!"

कोरडी असणारच. सगळं पाणी वर साठत होतं ना!

आणि पाणी किती घालायचो आम्ही! सकाळी आत्याबाईंचा एक तांब्या. माझा एक. मामा आंघोळ करून आले की त्यांचा एक. एकादशीला गंगेचं पाणी वेगळं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. घरी आलेली प्रत्येक बाई हात जोडून अर्धा तांब्या ओतून जाणार. भक्तीत कुणी कमी नव्हतं. मग पानं पिवळी पडायची, खाली गळायची. तुळस सुकली असं वाटून आत्याबाई आणखी दोन तांबे घालायच्या.

माझं लग्न वैशाखात झालं आणि पहिली तुळस आषाढात गेली. दुसरी लावली, ती पुढच्या पावसाळ्यात गेली. आता ही तिसरी, आणि दिवाळी तोंडावर आली तोवर तिचीही पानं गळायला लागली होती.

आता कुणाचं नाव घेणार? घरात नवीन काय आलं होतं? मीच. आत्याबाईंची बहीण आली होती, ती जाता जाता दारात बोलून गेली, "कस्तुरे, पोरीच्या हाताला तुळस जगंना, हिच्या पोटाला काय जगंल?" लग्नाला दोन वर्षं होत आली तरी पाळणा हलला नव्हता, त्यावर हे बोलणं. त्या रात्री आत्याबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "हे बघ, ही तुळस तुळशीच्या लग्नापर्यंत टिकली तर टिकली. न्हाईतर तू देगलूरला जाऊन ऱ्हा एक वर्सभर. मग बघू."

मग बघू! आमच्या गल्लीतली एक पोर अशीच वर्षभरासाठी माहेरी पाठवली होती. तिचा नवरा पुढच्या लग्नसराईत दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला. माझा बाप म्हातारा, घरात दोन भावजया. मी परत गेले असते तर काय झालं असतं ते मला पक्कं माहीत होतं. मी रोज पहाटे उठल्या उठल्या आधी तुळशीकडं बघायची. रात्रीतून गळलेली पानं मोजायची.

खाली चन्नबसप्पाची बायको, बसम्मा. उदगीरकडची, अर्धी कानडी. तिच्या मागच्या अंगणात फुटक्या डब्यांतून, गळक्या बादल्यांतून शेवंती, मोगरा, मरवा असा फोफावलेला, की बघत राहावं. मी एकदा पाणी भरायला खाली गेले आणि तिच्या जवळच बसून रडले. तिनं सगळं ऐकलं. मग मोगऱ्याचा डबा उचलून मला त्याचं बूड दाखवलं. खिळ्यानं पाडलेली पाच-सहा भोकं.

"तुमच्या पेटीला बुडाला भोक हाय का, तंगी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण.

"न्हाई. थेंब गळत न्हाई तिच्यातून."

"अय्यो शिवा!" बसम्मानं कपाळाला हात लावला. "मग ती बुडून मराय लागली की गं! तिच्या मुळाला दम घ्यायला जागा नको का? दोन भोकं हिकडं, दोन तिकडं, बोटभर. नीर जाऊ दे तिचं."

मी धावत वर आले आणि मूर्खासारखी आत्याबाईंना सांगून बसले. नव्या सुनेनं कधी शहाणपण सांगू नये, आणि तुळशीबद्दल तर मुळीच नाही. आत्याबाई उसळल्या. "तुळशीच्या बुडाला भोक पाडू? तिचं तीर्थ पायदळी घालू? हे तुझ्या माहेरी चालत असंल. पुन्हा बोललीस तर उद्याच पाठवते." झालं. ते दार तिथंच बंद.

दोन दिवसांनी सकाळी मी गच्चीच्या कोपऱ्यातल्या मोरीपाशी भांडी घासत होते. आत्याबाई शेजारी कुठं हळदी-कुंकवाला गेल्या होत्या. मामा आंघोळ करून तांब्या घेऊन गच्चीवर आले. मी पदर ओढला आणि पाठ फिरवून बसले. पण तांब्या ओतल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं मामांचा आवाज आला, अगदी हळू. ते तुळशीशी बोलत होते.

"का गं तुळसाबाई? तुला दुखतंय तरी काय? सांगशील का न्हाई?"

माझ्या हातात राखेनं घासलेला तांब्या होता. मला काय झालं कोण जाणे. मी त्या तांब्याला म्हटलं, "तांब्या रे, तुझं नशीब चांगलं. तुझ्यात पाणी घातलं तर बाहेर जायला तुला तोंड हाय. तिला बिचारीला न्हाई. ती आत बुडून मरायली."

कडक माणूस असता तर तिथंच ओरडला असता.

"असं व्हय," मामा तुळशीला म्हणाले. "मग तोंड कुठं करावं म्हणतीस?"

"बुडाला," मी तांब्याला सांगितलं. "चार भोकं. बोटभर जाडीची. खाली परात ठिवायची म्हणजे तीर्थ भुईला लागायचं न्हाई. परातीतलं पाणी खाली बसम्माच्या मोगऱ्याला घालायचं. तिथं कुणाचा पाय पडत न्हाई."

परातीचं बसम्मानं सांगितलं नव्हतं हो! ते माझंच. बोलता बोलता सुचलं. मग मामांनी तांब्यातलं पाणी तुळशीला न घालता मोरीत ओतलं आणि आत गेले. मी मागं वळून बघितलं तर दारात त्यांची ओली पावलं तेवढी होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की या घरात माझं कुणीतरी आहे. तिथंच भांड्यांत बसून मी रडून घेतलं.

कचेरीला तेव्हा शुक्रवारची सुटी असायची. पुढचा शुक्रवार आला तो कार्तिक लागल्यानंतरचा. आत्याबाई आणि शेजारच्या बायका रोज गंगेवर स्नानाला जायच्या, आणि सुटीच्या दिवशी धुण्याचं गाठोडंही घेऊन जायच्या. ऊन वर येईपर्यंत परत येत नसत. मी मात्र त्या दिवशी गेले नव्हते. मी बाहेरची होते. बाहेरची म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. गच्चीच्या टोकाला घोंगडीवर बसायचं, कशाला शिवायचं नाही, तुळशीवर तर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही.

आत्याबाईंची पाठ वळली आणि मामा जिन्यावरून वर आले. अंगात बंडी, हातात सुताराकडून मागून आणलेलं भोकं पाडायचं गिरमिट, काखेत दोन विटा. ज्या माणसाला पलंगाचा खिळा ठोकता येत नव्हता, तो माणूस! गिरमिट कसं धरायचं तेही माहीत नाही. बोरू तासायला चाकू धरतात तसं धरलं होतं.

ओल्या मातीनं भरलेली दोन हातांची पेटी. मामांनी एका बाजूनं उचलायला बघितली, हलेना. मला उठून जाऊन हात लावावासा वाटत होता. पण मी शिवले तर तुळस बाटली. आणि बोलावं तर सासरे. बरं, घासायला भांडंही जवळ नव्हतं! कठड्यावर एक कावळा येऊन बसला होता. म्हटलं, हाच बरा.

"कावळोबा," मी म्हटलं, "आधी पहार घालावी फटीत. कोपऱ्यात उभी हाय बघ."

मामांनी पहार आणली.

"आता वीट सरकवावी हळूच. बोट सांभाळून रे बाबा."

वीट सरकवली. पेटी एका अंगानं वर झाली. मग मामा त्या धाब्यावर पालथे पडले, गाल मातीला टेकवला आणि पेटीच्या खालून गिरमिट फिरवायला लागले. सागवान जुनं, त्याच्यावर पत्रा. किती वेळ ते फिरवत होते! दहा वेळा गिरमिट निसटलं. हात झटकायचे, तळहातावर फुंकर घालायचे, की पुन्हा सुरू. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. कावळा कधीच उडून गेला होता, तरी मी त्या रिकाम्या कठड्याशी बोलत होते. "थोडं डावीकडं... हां, तिथंच... आता जोर लावावा."

आणि एकदम पत्रा फुटला. काळं, कुजकं पाणी भसकन मामांच्या तोंडावर! असा वास, की मी नाकाला पदर लावला. मामा मात्र तसेच पडून राहिले, तोंडावरून चिखल गळतोय आणि हसतायत. त्या माणसाला मी खळखळून हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "अगं बाई, किती दिवसांचं पोटात धरून बसली व्हतीस गं!" असं ते तुळशीला म्हणाले.

चारही भोकं पाडली. पेटी दोन विटांवर बसवली, खाली पितळेची परात सरकवली. परातीतलं कुजकं पाणी दोनदा बादलीत भरून खाली नेलं. अंग धुतलं, आणि सुताराचं गिरमिट परत करायला निघून गेले. सुताराला दुपारी लागणार होतं म्हणे. ते गिरमिट तासभर घरात राहिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

कारण मामा गेले आणि आत्याबाई आल्या. ओलेत्यानंच गंगेच्या पाण्याचा तांब्या घेऊन त्या सरळ तुळशीपाशी गेल्या, हात जोडले, पाणी ओतलं. आणि परातीत आवाज आला, टप, टप, टप.

आत्याबाई खाली वाकल्या. विटा बघितल्या, परात बघितली, बोटभर भोकं बघितली. गच्चीवर दुसरं कोण होतं? मी. आणि भोकांचा हट्ट कुणी केला होता? मीच.

"तू शिवलीस तिला!" त्या अशा किंचाळल्या की खालून बसम्मा अंगणात आली. "असल्या दिसात तू तुळशीला शिवलीस! तिला भोकं पाडलीस!"

मी काय सांगणार होते? मामांनी पाडली म्हणून सांगू? सासऱ्याची चहाडी करू? आणि सांगितलं असतं तरी कुणी खरं मानलं असतं? त्या माणसानं जन्मात बायकोचा शब्द मोडला नव्हता. मी गुडघ्यात तोंड घालून बसले. त्यात पेटी तिरकी केल्यानं मुळं हलली होती, आत्याबाईंचं पाणी पडलं आणि उरलेल्या पानांतली चार-पाच पानं खाली पडली. ते बघून आत्याबाईंचा चेहरा पांढरा झाला. आता इतक्या वर्षांनी मला कळतं, त्यांना राग कमी आणि भीती जास्त होती. पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते, मला फक्त राग दिसला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "तुळशीच्या लग्नाची वाट बघायचं कारण न्हाई आता. मीच नेऊन घालते तुला."

गल्लीच्या तोंडाला हणमंत गाडीवान राहायचा. त्याला बोलावणं गेलं. देगलूर दोन दिवसांची वाट. गाडीत पुढं आत्याबाई बसणार, मागं मी, मधे घोंगडीची घडी, म्हणजे शिवाशिव नको. माझे कपडे मीच गाठोड्यात बांधले. तीन लुगडी, चोळ्या, आईनं दिलेला करंडा. गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या. मी गाडीत चढून मागं बसले. भोकरला कुणी निरोप धाडला नव्हता. नवऱ्याला कळणार होतं ते मी गेल्यावर, आणि कळून तरी ते काय करणार होते!

आत्याबाई गाडीत पाय ठेवणार, एवढ्यात कोपऱ्यावरून मामा आले. बैल बघितले, मला बघितलं, गाठोडं बघितलं. जागीच थांबले. मग नेहमीसारखी मान खाली घातली. म्हटलं, संपलं. हा माणूस आता कोपऱ्यात बसून पेरू खाईल.

"भोकं मी पाडली," मामा म्हणाले.

आत्याबाई चिडूनच हसल्या. "तुम्ही? तिला वाचवायला खोटं बोलू नका. तुम्हाला ढेकूण मारता येत न्हाई, भोकं काय पाडता?"

मामांनी दोन्ही तळहात उघडून पुढं केले. फोड येऊन फुटले होते, लाल झाले होते. आत्याबाईंनी वाकून ते तळहात बघितले.

"ती शिवली न्हाई. ती तिकडं घोंगडीवर बसली व्हती. पण सांगितलं तिनंच, ते बी सांगतो. दोन वर्सांत आपल्या घरात शहाणपणाचं तेवढं एकच बोलणं झालं." आख्खी गल्ली ऐकत होती. "आपण तिघं मिळून तुळस बुडवली, कस्तुरे. रोज हात जोडून बुडवली. आन् नाव हिचं घेतलं."

"आन् ही बी मेली तर?" आत्याबाई म्हणाल्या. "ही तिसरी मेली तर काय करू मी?"

"मेली तर खालून बसम्माकडून चवथी आणू. चवथी मेली तर पाचवी. लेक दारातून गेली तर ती कुणाकडून आणू? सांग मला. कुठल्या बाजारात मिळती?"

मामा गाडीच्या मागच्या बाजूला आले. माझा पदर नाकापर्यंत होता, मला त्यांचे फक्त जोडे दिसत होते.

"सिंधू," ते म्हणाले. भिंतीला नाही, तुळशीला नाही. मला. "उतर, माय."

आणि माझ्या पायाशी होतं ते गाठोडं त्यांनी उचललं.

"अहो, ती बाहेरची हाय! शिवू नका!" आत्याबाई ओरडल्या. हणमंत गाडीवानही दचकून मागं सरकला. कचेरीतला माणूस, रोज शेरवानीत फिरणारा, सुनेचं गाठोडं, आणि तेही अशा दिवसांतलं! पण मामांनी ते केव्हाच खांद्यावर घेतलं होतं.

"शिवलो की," मामा म्हणाले. "आंघोळ करीन. पाणी तापव म्हणजे झालं."

सगळ्या गल्लीसमोरून ते गाठोडं खांद्यावर घेऊन ते जिना चढून गेले. त्यांच्या मागं मी. डोळ्यांतल्या पाण्यानं मला पायऱ्या दिसत नव्हत्या. आत्याबाई बराच वेळ खाली गाडीला धरून उभ्या राहिल्या. हणमंत विचारत होता, "बाई, गाडी सोडू का जुंपू?" मग त्या वर आल्या, आणि थोड्या वेळानं मला चुलीचा धूर दिसला. आत्याबाईंनी न्हाणीचं पाणी ठेवलं होतं.

ती तुळस जगली नाही. मुळं आधीच कुजून गेली होती. तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आधी ती काडीसारखी वाळून गेली. सकाळी मी उठले तर आत्याबाई पेटीसमोर बसल्या होत्या, हातानं माती उकरून बाहेर काढत होत्या. मी दारातच उभी राहिले. त्यांनी मान वर केली, डोळे लाल होते. त्यांच्या बाजूला बसम्माकडून आणलेलं नवं रोप होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, आणि फुटक्या मडक्याचे चार तुकडे.

"बसम्मा म्हणती, भोकावर खापरी ठिवायची, म्हंजी माती वाहून जात न्हाई," त्या म्हणाल्या. "ये, बस हितं. कशी ठिवायची ते दाखव मला."